क्यूजीआयएस : संगणकावर असूनही न सापडणारी साधने

क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरविषयी आलेल्या पत्रांसाठी या वेळचे सदर राखून ठेवले आहे. पत्रे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि निरनिराळ्या कामांतून आलेली असली, तरी त्यांतील अडचण बहुतेक एकाच जातीची आहे. जे काम पत्रलेखक तासन्‌तास हाताने करीत बसले आहेत, किंवा ज्यासाठी ते एखादे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) शोधत आहेत, त्याचे साधन त्यांच्या संगणकावर आधीपासूनच आहे. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी अलास्कात या सॉफ्टवेअरची सुरुवात केली, तेव्हा त्याचे काम जवळजवळ नकाशे पाहण्यापुरतेच होते. आज त्यात शेकडो प्रक्रिया आहेत आणि त्यांतील फार थोड्या मेनूत दिसतात. खालील उत्तरांत साधनांची नावे इंग्रजी इंटरफेसमध्ये जशी दिसतात तशीच दिली आहेत, म्हणजे वाचकांना ती पडद्यावर शोधता येतील.

प्रश्न : मी नगरपरिषदेत कंत्राटी पद्धतीने नकाशाचे काम करतो. बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणे), क्लिप (हवा तेवढा भाग कापून घेणे) आणि टेबल जोडणे एवढेच मला येते. बाकीची साधने कोणती आहेत, हे कसे कळावे? त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागेल का?
– एक कर्मचारी, जि. सातारा

उत्तर : प्रशिक्षण मिळाले तर जरूर घ्यावे, परंतु त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. क्यूजीआयएसच्या खिडकीत अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात एक लहानशी शोधपट्टी असते. तिला लोकेटर बार म्हणतात. कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबल्या की कर्सर थेट तिथे जातो. वर्षानुवर्षे हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचेही तिच्याकडे लक्ष गेलेले नसते, आणि माझ्या मते संपूर्ण सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी ओळख करून घ्यावी असे साधन हेच आहे, कारण बाकीच्या साधनांचा पत्ता तेच देते.

समजा, प्रत्येक वस्तीपासून सर्वांत जवळची सार्वजनिक विहीर कोणती आणि ती किती अंतरावर आहे, हे आपल्याला काढायचे आहे. या कामाच्या साधनाचे नाव आपल्याला माहीत नाही. तरीही शोधपट्टीत नुसते ‘निअरेस्ट’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तर ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय निअरेस्ट’ ही प्रक्रिया यादीत येते. ती वस्त्यांच्या टेबलात विहिरीची माहिती आणि अंतर दोन्ही भरून देते. बऱ्याच प्रक्रियांना नावाखेरीज पूरक शोधशब्दही जोडलेले असतात, म्हणून नाव अडले तर कामाचे वर्णन करणारे साधे इंग्रजी क्रियापद टाकून पाहावे.

या पट्टीत पहिले अक्षर आणि त्यापुढे एक मोकळी जागा दिली की शोधाचे क्षेत्र ठरवता येते. इंग्रजी ‘ए’ दिल्यास केवळ प्रक्रिया शोधल्या जातात आणि ‘एल’ दिल्यास प्रकल्पातील लेयर, म्हणजे नकाशातील माहितीचे थर. ‘एफ’ दिल्यास निवडलेल्या लेयरमधील नोंदी शोधल्या जातात, आणि हा शोध देवनागरीतही चालतो. ‘एफ’पुढे ‘पिंपळगाव’ लिहिले की त्या लेयरमधील सगळी पिंपळगावे समोर येतात आणि हवे त्यावर नकाशा नेता येतो. ‘गो’ लिहून त्यापुढे आधी रेखांश आणि मग अक्षांश दिले तर नकाशा त्या जागी जातो. जीपीएसवर टिपलेला बिंदू तपासायला हे फार सोयीचे आहे. बरोबरचे चिन्ह देऊन आकडेमोडही करता येते.

आणखी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. ‘प्रोसेसिंग’ मेनूतील ‘हिस्टरी’मध्ये आपण पूर्वी चालवलेल्या प्रक्रिया त्यांच्या सर्व निवडींसह जपलेल्या असतात. मागच्या महिन्यात बफर नेमका किती मीटरचा घेतला होता, हे आठवत बसण्याऐवजी तिथली नोंद उघडून तीच प्रक्रिया पुन्हा चालवता येते. दुसरी जागा म्हणजे प्रोसेसिंग टूलबॉक्सच्या वरच्या पट्टीतील पेन्सिलचे चिन्ह. ते दाबले की नवी फाइल न बनवता निवडलेल्या लेयरवरच चालणाऱ्या प्रक्रिया तेवढ्या दिसतात. प्रत्येक पायरीला नवा तात्पुरता लेयर तयार होऊन यादी भरत जाते, ही तक्रार त्यामुळे बरीच कमी होते.

प्रश्न : आमची संस्था पाणलोट विकासाचे काम करते. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत लावण्यासाठी गावाचा नकाशा, त्यातील विहिरींची यादी आणि बंधाऱ्यांच्या जागा असे एक पान मी तयार करते. गावे बरीच आहेत. दर वेळी नकाशा सरकवायचा, शीर्षक बदलायचे आणि पीडीएफ काढायची, यात पूर्ण आठवडा जातो. काही उपाय आहे का?
– एक कार्यकर्ती, जि. बीड

उत्तर : उपाय आहे आणि तो याच कामासाठी घडवलेला आहे. प्रिंट लेआउटमध्ये, म्हणजे छपाईचे पान मांडण्याच्या खिडकीत, ‘ॲटलास’ नावाचा स्वतंत्र मेनू आहे. त्याला आपण एक लेयर नेमून द्यायचा, म्हणजे आपल्या बाबतीत गावांच्या सीमांचा. त्यानंतर त्या लेयरमधील प्रत्येक गावासाठी एक, अशी सगळी पाने क्यूजीआयएस स्वतः तयार करते.

पहिले पान नेहमीसारखेच मांडावे. मग ‘ॲटलास सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘जनरेट ॲन ॲटलास’वर खूण करावी आणि ‘कव्हरेज लेयर’ म्हणून गावांचा लेयर निवडावा. पानावरील नकाशाची चौकट निवडून तिच्या गुणधर्मांत ‘कंट्रोल्ड बाय ॲटलास’वर खूण केली की नकाशा एकेका गावावर आपोआप जाऊन बसतो. गावाभोवती किती मोकळी जागा सोडायची, हे टक्क्यांत सांगता येते. सर्व गावे एकाच प्रमाणावर छापायची असतील तर ‘फिक्स्ड स्केल’ निवडावे. माझे मत विचाराल तर ग्रामसभेसाठी तेच योग्य, कारण शेजारच्या दोन गावांची पाने जवळ ठेवून लोक तुलना करतात आणि प्रमाण वेगळे असेल तर लहान गाव उगाचच मोठे दिसते.

शीर्षकासाठी मजकुराच्या चौकटीत पुढीलप्रमाणे लिहावे : मौजे [% "गाव" %], ता. [% "तालुका" %]. चौकोनी कंस आणि टक्क्याचे चिन्ह यांच्यामधील भाग प्रत्येक पानावर टेबलातील त्या त्या गावाच्या नावाने भरला जातो. अवतरणचिन्हांत आपल्या टेबलातील कॉलमचे नाव जसेच्या तसे असावे, एवढीच दक्षता घ्यावी.

विहिरींच्या यादीसाठी ‘ॲड ॲट्रिब्यूट टेबल’ने पानावर टेबल ठेवावे, विहिरींचा लेयर निवडावा आणि ‘शो ओन्ली फीचर्स इंटरसेक्टिंग ॲटलास फीचर’ या पर्यायावर खूण करावी. त्या गावाच्या हद्दीतील विहिरीच तेवढ्या यादीत उतरतात. नकाशाच्या चिन्हांच्या सूचीसाठीही (लेजंड) असाच पर्याय आहे. तो निवडला की ज्या गावात एकही बंधारा नाही तिथे बंधाऱ्याचे चिन्ह सूचीत दिसत नाही. गावकरी पान बारकाईने वाचतात आणि नसलेल्या वस्तूचे चिन्ह पाहून प्रश्न विचारतात, म्हणून ही खूण विसरू नये.

पानाच्या कोपऱ्यात तालुक्याचा लहान नकाशा द्यायचा असेल तर दुसरी चौकट घ्यावी, पण ती ॲटलासला जोडू नये. तिच्या गुणधर्मांतील ‘ओव्हरव्ह्यूज’मध्ये मुख्य चौकट नेमली की तालुक्यात हे गाव कुठे आहे, ते ठळक आयतात दिसू लागते. दोन चौकटींत वेगवेगळे लेयर हवे असतील तर त्याआधी लेयर पॅनेलमधील डोळ्याच्या चिन्हाखाली ‘मॅप थीम’ जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक चौकटीला आपापली थीम द्यावी. एक थीम उपग्रहचित्राची आणि दुसरी साध्या सीमांची, एवढ्याने काम भागते. पुढे मुख्य खिडकीत लेयर चालू-बंद केले तरी छापायच्या पानाला धक्का लागत नाही.

शेवटी ॲटलास मेनूतून पीडीएफ काढताना सर्व पाने एका फाइलमध्ये किंवा गावागणिक स्वतंत्र फाइलमध्ये मिळू शकतात. स्वतंत्र फाइल हव्या असतील तर फाइलच्या नावासाठीही गावाच्या कॉलमचा उपयोग करता येतो. पहिली मांडणी बसवायला आपले काही तास जातील, परंतु पावसाळ्यानंतर विहिरींची पाणीपातळी नव्याने भरली की तीच पाने पुन्हा काढणे हे काही मिनिटांचे काम राहील.

प्रश्न : सातबाऱ्यावर आमच्या शेताचे क्षेत्र १ हेक्टर ६० आर आहे. उपग्रहचित्रावरून बांधाबांधाने सीमा आखली आणि फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘एरिया’ वापरून क्षेत्र काढले तर ते १ हेक्टर ८३ आर येते. आखणी चुकली की सातबारा चुकला?
– एक कृषी पदवीधर, जि. यवतमाळ

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी दोन्ही बरोबर असावेत, असे दिसते. आंतरजालावरून येणारी उपग्रहचित्रे आणि ओपनस्ट्रीटमॅपचा आधार-नकाशा वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, ज्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७ आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. असा नकाशा सर्वांत आधी उघडला की प्रकल्प तेच प्रक्षेपण घेतो आणि त्यानंतर तयार केलेला लेयरही बहुधा त्यातच बनतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके या प्रक्षेपणात क्षेत्रफळ फुगते. ही वाढ सिंधुदुर्गात सुमारे ९ टक्के, यवतमाळच्या अक्षांशावर सुमारे १४ टक्के आणि नंदुरबारात सुमारे १६ टक्के असते. १ हेक्टर ६० आरात १४ टक्के मिळवले की जवळपास आपलाच आकडा मिळतो.

यावरचे साधन आपल्या हाताशीच आहे. ‘आयडेंटिफाय फीचर्स’ने शेतावर क्लिक करावे आणि उघडलेल्या यादीतील ‘डिराइव्हड’ हा भाग उलगडावा. तिथे दोन क्षेत्रफळे दिसतात. ‘कार्टेशियन’ हे सपाट कागदावरचे माप असते, तर ‘एलिप्सॉइडल’ हे पृथ्वीचा आकार लक्षात घेऊन काढलेले असते. आपल्याला दुसरे हवे आहे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्येही हीच दोन मापे आहेत. नुसते ‘एरिया’ हे फंक्शन लेयरच्या प्रक्षेपणातले सपाट माप देते. डॉलरचे चिन्ह लावलेले ‘एरिया’ मात्र प्रकल्पात ठरवलेल्या एलिप्सॉइडनुसार माप देते. दोन्ही एकाच यादीत शेजारी असल्यामुळे गल्लत सहज होते. एक्स्प्रेशनच्या खिडकीत कोणत्याही फंक्शनवर एकदा क्लिक केले की उजव्या बाजूला त्याचे स्पष्टीकरण आणि उदाहरण येते. ते वाचायची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कायमची व्यवस्था म्हणून लेयर यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा मांडणाऱ्या प्रक्षेपणात, ठेवावा. त्यात क्षेत्रफळातील फरक अगदी किरकोळ राहतो. मात्र आपल्या जिल्ह्याबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. यूटीएमच्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांश ही आहे आणि ती यवतमाळ जिल्ह्यातून जाते. पुसद ४३व्या पट्ट्यात येते, तर वणी ४४व्या. पुसदसाठी ईपीएसजी ३२६४३ आणि वणीसाठी ३२६४४ घ्यावा.

एवढे करूनही उपग्रहचित्रावर आखलेले क्षेत्र नियोजनापुरतेच ग्राह्य समजावे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी हाच आधार आहे.

प्रश्न : मराठी कॉलम असलेली शेपफाइल एका कार्यालयाला पाठवली. तिथे ‘तालुका’, ‘ग्रामपंचायत’ ही नावे अर्धवट तुटलेली दिसली. फॉन्ट बदलून पाहिला, पण उपयोग झाला नाही.
– एक संशोधक विद्यार्थिनी, जि. कोल्हापूर

उत्तर : दोष फॉन्टचा नाही, शेपफाइल या नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइल-प्रकाराच्या रचनेचा आहे. तिच्या टेबलात कॉलमच्या नावाला १० बाइट एवढीच जागा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे ‘गाव’ हे नाव ९ बाइटांत कसेबसे बसते आणि ‘तालुका’ला १८ बाइट लागत असल्याने ते तुटते. कॉलमच्या आतील मजकुरालाही २५४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत सुमारे ८४ चिन्हे. तक्रारीचा किंवा पत्त्याचा रकाना असेल तर मजकूर मध्येच संपतो आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

माहिती जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ठेवली तर या दोन्ही अडचणी राहत नाहीत. हे खुले मानक २०१४ मध्ये आले आणि क्यूजीआयएसमध्ये नवी फाइल जपताना तेच आधी सुचवले जाते. ‘पॅकेज लेयर्स’ या प्रक्रियेने प्रकल्पातील अनेक व्हेक्टर (बिंदू, रेषा व आकृत्यांचे) लेयर एकाच जिओपॅकेज फाइलमध्ये बांधता येतात आणि त्यांची रंगसंगती व चिन्हेही सोबत जातात. समोरचे कार्यालय शेपफाइलच मागत असेल, तर कॉलमची नावे छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवावीत आणि लेयरच्या गुणधर्मांतील ‘ॲट्रिब्यूट्स फॉर्म’मध्ये प्रत्येक कॉलमला मराठी ‘अलायस’ द्यावे. आपल्या प्रकल्पात सर्वत्र मराठी नावे दिसतात आणि पाठवलेली फाइलही शाबूत राहते.

जुन्या फाइलमधील मराठी मजकूर प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे होऊन दिसत असेल, तर लेयरच्या गुणधर्मांतील ‘सोर्स’ भागात ‘डेटा सोर्स एन्कोडिंग’ बदलून पाहावे. मात्र तो मजकूर मुळात युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर त्याने भागणार नाही. तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागेल.

प्रश्न : जमिनीच्या लेआउटमधील भूखंड आखताना दोन भूखंडांमध्ये बारीक फटी राहतात किंवा ते एकमेकांवर चढतात. कितीही मोठे करून आखले तरी फरक पडत नाही.
– एक आरेखक, ठाणे

उत्तर : नकाशा कितीही मोठा करून आखला तरी डोळ्यांच्या अंदाजाने दोन सीमा एकरूप होणार नाहीत. स्नॅपिंग टूलबार उघडावा, स्नॅपिंग (कर्सर जवळच्या बिंदूला किंवा रेषेला आपोआप चिकटणे) चालू करावे आणि ‘टोपोलॉजिकल एडिटिंग’ व ‘अव्हॉइड ओव्हरलॅप’ हे दोन पर्याय निवडावेत. त्यानंतर नवा भूखंड शेजारच्यावर थोडा चढवूनच आखावा. जास्तीचा भाग सॉफ्टवेअर कापून टाकते आणि सामाईक सीमा तंतोतंत जुळते. लांब व वाकडीतिकडी सीमा असेल तर आखताना इंग्रजी ‘टी’ ही कळ दाबून ‘ट्रेसिंग’ चालू करावे. सीमेच्या दोन टोकांवर क्लिक केले की मधले सर्व बिंदू आपोआप घेतले जातात.

आधीच आखून झालेल्या कामासाठी ‘टोपोलॉजी चेकर’ हे क्यूजीआयएससोबतच येणारे प्लगइन चालू करावे आणि फटी नसाव्यात व एकावर एक चढू नये, हे दोन नियम लावून चुकांची यादी काढावी.

प्रश्न : नाल्याचा उभा छेद काढण्यासाठी कोणते प्लगइन बसवावे?
– एक निवृत्त अभियंता, नाशिक

उत्तर : आवृत्ती ३.२६ पासून वेगळ्या प्लगइनची गरज उरलेली नाही. ‘व्ह्यू’ मेनूत ‘एलिव्हेशन प्रोफाइल’ आहे. आधी उंचीच्या रास्टर (चौकटींच्या जाळ्यात माहिती ठेवणाऱ्या) लेयरच्या गुणधर्मांत ‘एलिव्हेशन’ या भागात जाऊन हा लेयर उंची दाखवतो, अशी खूण करावी लागते. ती राहून गेल्यामुळेच अनेकांना रिकामा आलेख दिसतो. ३० मीटर चौकटीच्या मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीवरून नाल्याचा एकंदर उतार चांगला कळतो, परंतु बंधाऱ्याची जागा आणि उंची त्यावरून ठरवू नये. त्यासाठी जागेवर लेव्हलिंग, म्हणजे उंचीची प्रत्यक्ष मोजणी, करणे आवश्यक आहे.

प्रश्न : पदवीच्या भूगोल विद्यार्थ्यांना क्यूजीआयएस शिकवतो. पहिल्याच तासाला इतकी चिन्हे पाहून मुले बावरतात. तीच चिन्हे लपवली तर पुढे त्यांना साधने सापडणार नाहीत, अशीही भीती वाटते.
– एक प्राध्यापक, जि. लातूर

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि तिच्यासाठी ‘युजर प्रोफाइल’ उपयोगी पडतील. ‘सेटिंग्ज’ मेनूतील ‘युजर प्रोफाइल्स’मधून प्रयोगशाळेच्या संगणकांवर दोन प्रोफाइल तयार करावीत. दोन्हींची टूलबार, प्लगइन आणि सेटिंग्ज स्वतंत्र राहतात, त्यामुळे एकीतल्या बदलाचा दुसरीला त्रास होत नाही. पहिल्या प्रोफाइलमध्ये ‘इंटरफेस कस्टमायझेशन’ वापरून नकाशा सरकवणे, लेयर उघडणे, माहिती पाहणे आणि छपाई एवढीच साधने दिसू द्यावीत. लोकेटर बार मात्र तिथेही राहू द्यावी. एका संगणकावर प्रोफाइल नीट जमली की ‘ओपन ॲक्टिव्ह प्रोफाइल फोल्डर’मधून तिचे फोल्डर उचलून बाकीच्या संगणकांवर ठेवता येते, म्हणजे प्रत्येक यंत्रावर तीच मांडणी नव्याने करावी लागत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक सुचवतो. साधनाचे नाव सांगून त्याचा उपयोग दाखवण्याऐवजी प्रश्न द्यावा. कोणत्या वाड्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ५ किलोमीटरपेक्षा दूर आहेत, हा लातूरच्या मुलांना कळणारा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारे शब्द त्यांना शोधपट्टीत टाइप करू द्यावेत आणि जे साधन मिळेल त्याचे उजव्या बाजूचे मदतपान आधी वाचायला सांगावे. कुणी बफर काढील, कुणी जवळच्या बिंदूचे अंतर मोजील. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी मांडली की सरळ रेषेतले अंतर आणि रस्त्याने पडणारे अंतर यांतला फरक वर्गातूनच पुढे येतो, आणि त्या टप्प्यावर मुलांना दुसऱ्या प्रोफाइलमध्ये नेऊन ‘नेटवर्क ॲनालिसिस’ गटातील ‘सर्व्हिस एरिया’ दाखवता येईल. प्रयोगशाळेत दीर्घकालीन आधाराची आवृत्तीच बसवावी, म्हणजे वर्षभर सर्व संगणकांवर मेनू सारखे राहतील आणि आपली टिपणे मध्येच जुनी होणार नाहीत.